दोन पट्ट्यांच्या मधलं आभाळ

३ जुलै १९६७, सोमवार. अकोला

मुंबईवरून नळकांडं आलं. तीन दिवसाच्या पट्ट्या एकातच गुंडाळलेल्या. दौलतमामानं सुतळी सोडली न् म्हतलं, "घे वं सुले. तुहं आभाय आलं."

काम तेच. पट्टी टेबलावर ताणायची, चारी कोपऱ्यावर दगड. वरून रेघा मारलेला ट्रेसिंग कागद. त्याच्यावर आपला मुलूख, जळगाव ते नागपूर, आठ घरं आडवी, सहा उभी. चित्रात पांढरं ते ढग. एकेका घरात किती पांढरं ते पाहून रजिस्टरात आकडा. काहीच नाई तं शून्य, गच्च असलं तं आठ. चित्र वरून फिरणारा उपग्रह काढते, रेडिओवरून मुंबईले टाकते, तिथून पोस्टानं आमच्या शेतकी कॉलेजात. म्हणून इथं आभाळ तीन दिवस शिळं येते.

अकोल्याच्या घरात ७, ८, ०.

साहेब दोनदा खोलीत आले. मी पट्टीवरून मान वर केली नाई.

५ जुलै, बुधवार

ही वही नववीची. मागची पानं कोरी होती. शाळा तिथंच सुटली. गुरुजी उभं करत, धडा येत असे, पण आवाज निघत नसे. पोरी हासत. मंग एक दिवस गेलीच नाई.

बाबानं अमरावतीवरून इकडं मामाकडं पाठवलं. मामा इथं कारकून. त्याइनं साहेबाइले म्हतलं, पोरीचे डोळे चांगले आहेत, बोलायचं काम नाई, तं तिले द्या. एक महिना झाला. खरंच बोलायचं काम नाई.

साहेब पुण्याचे, जाड चष्म्याचे. मले "सुलोचना" म्हणतात, पूर्ण. घरी कोणी म्हणत नाई.

ढग आठात मोजायचे. मी मनात आण्यात पायते, पिकाची आणेवारी पायतात तशी. बारा आणे म्हणजे सहा. जमते.

१० जुलै, सोमवार

६ तारखेच्या चित्रात अकोला नव्हता. एक पट्टी मूर्तिजापुरापाशी संपली, तिच्या पश्चिमेची बाळापुरापासून सुरू. कडेचं काळं, ताणलेलं चित्र सोडून द्यायले साहेबाइनं सांगतलं आहे, त्याचा भरोसा नाई म्हणून. ते सोडलं की मंधात घराची एक ओळ उरते, वरपासून खालपर्यंत, जराशी तिरपी. मी रिकामी सोडली.

मामानं रजिस्टर तपासलं. "हे काहून रिकामं?"

"तिथं चित्रच नाई."

"मंग शून्य टाक."

"पण मामा..."

"रजिस्टरात रिकामं घर ठेवू नाई वं. कोणीबी येते न् काहीबी भरून जाते. मंग सई आपली न् आकडा दुसऱ्याचा."

टाकले. सहाही घरात. जूनमधेबी असेच टाकले होते, तेव्हा काही वाटलं नाई.

इथं लिहून ठेवते. ६ जु. अकोला न.दि. म्हणजे नाई दिसलं.

२० जुलै, गुरुवार

न.दि. आतापर्यंत:
अमरावती ५, ११, १७.
अकोला ६, १२. १८ ची पट्टी अजून यायची.
खामगाव ७, १३.

सहा सहा दिवसानं परत तिथंच. मुद्दाम पाहत नव्हती. वहीत एकाखाली एक आले म्हणून दिसलं.

मामीनं तुरीच्या वरणात मीठ दोनदा टाकलं. मामानं सगळं वरण संपवलं. मामी म्हणे, "तुह्या मामाले चव लागत नाई, फक्त आकडे लागतात."

२२ जुलै, शनिवार

१८ चा अकोला खरंच नव्हता. चित्र यायच्या आधीच मले माहीत होतं. कोणाले सांगतलं नाई.

२७ जुलै, गुरुवार

मुकादम गोविंदराव कॉलेजच्या शेतावरचे. खोलीत येऊन साहेबाइले म्हणे, हे येंत्र आपल्यावरूनच काहून जात नाई, इकडं तिकडं काहून भटकते. साहेब हासले. खिशातून लिंबू काढलं, गोविंदरावानंच सकाळी दिलेलं. त्याच्यावर शाईनं देठापासून बुडापर्यंत रेघ मारली. "उपग्रह असा फिरतो. त्याची वाट तीच. पण खाली लिंबू गोल फिरतं आहे." लिंबू जरासक फिरवलं, दुसरी रेघ. परत फिरवलं, तिसरी. "दोन तासांच्या आत एक फेरी. प्रत्येक फेरीत खाली दुसराच मुलूख."

गोविंदराव म्हणे, "म्हंजे फिरून राहिली धरती न् नाव त्याचं."

साहेब गेल्यावर लिंबू टेबलावरच होतं. पायलं. देठापाशी रेघा एकमेकीले खेटलेल्या. पोटावर लांब लांब. आपण पोटाकडं. रेघा जाड काढल्या तरी पोटावर मंधात पिवळं उरते.

साहेबाइले हे माहीत असनच. त्याइनंच काढलं.

९ ऑगस्ट, बुधवार

काल दिवेलागणीले मामीनं अंगणात हाक मारली. एक चांदणी चालत होती, वायव्येकडून. "पाय, तुहं येंत्र." आमच्या आळीतले सगळे मान वर करून. शेजारचा पोट्टा टाटा करून राहिला होता.

आज साहेबाइनं मामाले सांगतलं की ते वेगळं, आपलं डोळ्यानं दिसत नाई. मामीले सांगतलं तं ती म्हणे, "राहू दे. मले तं तेच आपलं."

अकोला ५ ऑ. न.दि. शून्य टाकलं.

१६ ऑगस्ट, बुधवार. अमरावती

आईले ताप म्हणून तीन दिवसासाठी आली. मामा माह्या जागी पट्ट्या पाहून राहिले. काल आई बरी होती, आज परत.

सकाळपासून पाणी. दवाखान्यातून औषधाची बाटली आणली, पदराखाली धरून. गुडघ्याइतकं पाणी नाल्यापाशी. दुपारी थांबलं नाई. संध्याकाळी थांबलं नाई. बाबा म्हणे, असं सलग पाणी या वर्षी पहिल्यांदा. आभाळ पार खाली आलेलं. माह्या आकड्यानं आठ. नऊ असता तं नऊ.

आईनं इचारलं, तिथं करमते का. हो म्हतलं.

१९ ऑगस्ट, शनिवार. अकोला

कालच्या बसनं परत. आज १६ ची पट्टी काढली.

अमरावती न.दि. सहा दिवसाचा फेर. मले आधीच समजायले पायजे होतं.

पेन घेऊन बसली. मामा समोरच होते, दुसरे कागद लावून राहिले होते. त्याइनं पायलं न् म्हतलं, "काय झालं? टाक."

"मामा, तिथं दिवसभर पानी होतं. मी होती ना."

"चित्रात आहे का?"

"नाई."

"मंग आपण चित्रातलं लिहितो. तू भिजली ते नाई लिहीत."

मामाचं चुकीचं नाई. पण मंग शून्यबी चित्रात नव्हतं.

टाकलं. हात थांबला नाई.

२१ ऑगस्ट, सोमवार

साहेबाइनं भिंतीवर मोठा कागद लावला. जूनपासूनचं माहं रजिस्टर त्याच्यावर रंगवलेलं. ढग निळे, शून्य पिवळं. उभ्या तारखा, आडवे गाव. पिवळ्या पट्ट्या पायरी पायरीनं डावीकडं उतरलेल्या. नागपूर, अमरावती, अकोला, खामगाव. दर सहा दिवसानं नवी.

"सुलोचना, इकडे ये बघू. काय दिसतं?"

मान हालवली.

"उघाड सरकते आहे. बंगालच्या उपसागरातून पावसाचे पट्टे इकडे येतात, पूर्वेकडून पश्चिमेकडे. त्यांच्या मागे ही मोकळी पट्टी. इतकी नियमित! मी वीस वर्षं आभाळ बघतो आहे, हे कधी दिसलं नव्हतं. तुझ्या डोळ्यांमुळे दिसलं."

मामा दारात होते. त्याइचं तोंड एवढं खुललेलं मी कधी पायलं नाई.

मी पिवळ्या पट्ट्या मोजल्या. सगळ्या ओळखीच्या.

२२ ऑगस्ट, मंगळवार

मामीनं रात्रीसाठी गोडाचं केलं. मामा आठ वर्षापासून तात्पुरते. साहेब या महिन्यात त्याइच्यासाठी शेरा लिहून वर पाठवून राहिले, कायम करा म्हणून. त्याच्यात लिहिलं आहे की रजिस्टर नमुनेदार आहे, एकही रिकामी जागा नाई. मामानं ते वाक्य तीनदा सांगतलं.

"आपल्या घरात पयला सरकारी कायम," मामी म्हणे. "तुह्या हातानं झालं पोरी."

दोन घास जास्त खाल्ले, बोला लागू नाई म्हणून.

२४ ऑगस्ट, गुरुवार

गोविंदराव खोलीत. "साहेब, तुमची अकरा तारखेची उघाड माह्या डोक्यावरून वाहून गेली. डोक्यावर पोतं घेतलं होतं मी."

साहेब म्हणे, "एखादी सर येते गोविंदराव. ढग पातळ असतील, चित्रात उमटले नसतील."

"पातय ढगाचं पानी लय जाड होतं बाप्पा."

सगळे हासले. साहेबबी हासले. मंग साहेबाइनं म्हतलं, आता मूग पिकत आला आहे. कापून टाकला न् वरतून पाणी आलं की शेंगीतच कोंब फुटतात, दरसालचं आहे. यंदा तसं होऊ द्यायचं नाई. हिशोबानं अकोल्याची उघाड ४ सप्टेंबर. त्या सकाळी कापायचा, त्याच दिवशी खळ्यावर वाळवायचा. न् एक पत्रक काढायचं, आजूबाजूच्या गावाइले.

४ सप्टेंबर. वहीत पायलं. बरोबर. त्या दिवशी अकोला न.दि. असणार आहे.

पाऊस पडो का न पडो, रजिस्टरात शून्य येणार. साहेब म्हणतीन, पाहा, खरं ठरलं.

२६ ऑगस्ट, शनिवार

गोविंदरावाइच्या मुगात गेली, भाजी खुडायले म्हणून. मंधात एक लांब पट्टा कोरा, नुसतं गवत. इचारलं. (इचारलं, मी.)

"पेरणीत तिफण फिरवताना तासाले तास भिडला नाई. नवा गडी होता. नांगं रायलं, मंधात बीच पडलं नाई."

"मंग?"

"मंग काय. नांग्या भरा लागतात हातानं. नाई भरल्या तं तसंच रायते. पण कोणी तिथं उभं राहून म्हणत नाई ना, का इथं पेरलं होतं न् उगवलंच नाई. पेरलंच नाई तं उगवन कसं?"

त्याइनं हे सहज म्हतलं. पुढं निंदणाऱ्या बायाइवर ओरडायले गेले.

मी तो कोरा पट्टा पावलानं मोजला.

२८ ऑगस्ट, सोमवार

साहेबाइच्या दारापर्यंत दोनदा. पहिल्यांदा आत कोणी होतं. दुसऱ्यांदा कोणी नव्हतं.

साहेबाइनं वर पायलं. "काय ग?"

"पट्टी," म्हतलं.

"आली का आजची?"

"नाई."

"आली की घे."

परत.

३० ऑगस्ट, बुधवार

मामाले सांगतलं. घरी, सायकल पुसत होते तेव्हा. वहीतल्या तारखा दाखवल्या. पिवळ्या पट्ट्या त्याच, म्हतलं. उघाड नाई, ते फक्त न दिसलेलं आहे.

मामानं फडकं ठेवलं नाई हातातलं. "साहेब एवढे शिकलेले. त्याइले समजत नाई न् तुले समजते?"

"त्याइले आकडेच दिसतात. पट्ट्या मी पायते. न् पंधरा दिवसानं पट्ट्या मुंबईले वापस जातात."

"शून्य कोणं टाकायले सांगतलं?"

मी वही मिटली.

"मी सांगतलं. हे तू साहेबाइले सांगशीन. कवा, आता? शेरा गेला नाई अजून वरती." फडकं पिळलं, कोरडं होतं तरी. "दुसऱ्याची चूक झाली तं त्याची एकट्याची रायते वं. आपली झाली तं आपल्या सगळ्याइची होते. आठ वर्ष मी एक डाग पडू देला नाई."

मामी चुलीपाशी. मंग मले म्हणे हळूच, तहसीलीत होते तेव्हा एक घर रिकामं सोडलं होतं त्याइनं. कोणीतरी भरलं. सहा महिने घरी बसले होते. तू तवा लहान होती.

३१ ऑगस्ट, गुरुवार

२८ ची पट्टी. अमरावती न.दि.

रिकामं सोडलं. सहाही. खाली सई केली.

१ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी साहेब भिंतीवरचा कागद पुढं रंगवायले रजिस्टर घेऊन बसले. बोलावलं. मामा न् गोविंदरावबी होते तिथं.

"अमरावती राहिलं आहे, सुलोचना."

"दिसलं नाई."

"ढग दिसले नाहीत ना? म्हणजे शून्य."

"ढग नाई. अमरावतीच नाई दिसली."

साहेबाइनं चष्मा वर केला. "म्हणजे?"

मले पुढचं सगळं येत होतं. धडा पाठ असते तसं. गुरुजी समोर असले की जे होते तेच झालं.

मामा म्हणे, "लेकरू आहे साहेब. आई आजारी आहे तिची, ध्यान नाई." अन् टेबलावरचं पेन घेतलं, न् सहा शून्यं टाकली. एकाखाली एक. सुंदर, गोल, सारखी. मामाचं अक्षर चांगलं आहे.

साहेब थोडा वेळ शून्याकडं पाहत होते. मंग म्हणे, ठीक. आज रात्रीच्या गाडीनं पुण्याले जातो, सोमवारी सकाळी येतो. गोविंदराव, सोमवारी बाया तयार ठेवा.

मामा न् मी घरी येताना वेगळे आलो. म्हणजे ते सायकलवर, मी पायी. रोज ते सायकल हातात धरून माह्यासंगं चालतात.

२ सप्टेंबर, शनिवार

पत्रकं छापून आली. दोन गठ्ठे. मामा घरी घेऊन आले, उद्या बाजाराच्या बैलगाड्याइसंगं गावोगाव द्यायची म्हणून. गुलाबी कागद, एकाच बाजूनं छापलेला. शेतकरी बंधूंनो. सोमवार दि. ४ रोजी अकोला भागात उघाड अपेक्षित. मूग कापणीस योग्य.

मामी वाचता येते तेवढं वाचत होती. म्हणे, "माह्या भावाचाबी मूग आहे कापायचा. बरं झालं. त्याले पयले दे."

मामा म्हणे, "हं."

दुपारी मामाइच्या बाजेवर ही वही उघडी ठेवली न् शेजारी गेली दळण घेऊन. मुद्दाम. १९ ऑगस्टचं पान.

परत आली तं वही तिथंच होती, पण पान दुसरं होतं. मामा बाहेर गेले होते.

मामा, तुमी हे वाचत असाल तं, तुमचं अक्षर चांगलं आहे म्हणून मी टोमणा नाई मारला. खरंच चांगलं आहे.

३ सप्टेंबर, रविवार

सकाळी बैलगाडीवाला पत्रकाचे गठ्ठे न्यायले आला. मामानं त्याले म्हतलं, थांब, नाई, जा तू. गठ्ठे बाजेखाली सरकवले. मामी म्हणे, आवं, माह्या भावाले? मामा म्हणे, त्याले म्हणा डोये आहेत त्याले.

मंग मले म्हणे, "चाल. वही घे."

कॉलेज बंद. चौकीदारानं खोली उघडून देली. मामानं रजिस्टर पुढं ओढलं. लाल पेन्सिल. मी वहीतून तारीख सांगायची, त्याइनं त्या शून्याभोवती गोल करायचा. जुलै झाला. ऑगस्ट झाला. परवा ज्या सहा शून्याइवर त्याइनं हात चालवला त्याच्याभोवतीबी केले. पेन्सिल जोरात दाबत होते.

जूनवर आलो. जूनचं मी लिहून ठेवलं नाई.

"सहा दिवसाच्या फेरानं काढता येईन," मी म्हतलं. "३० जून अकोला. २४. १८."

"तू पायलं होतं का?"

"पायलं असन. आठवत नाई."

"मंग फेरानं सांगू नको." त्याइनं पेन्सिल खाली ठेवली. "फेरानं सांगणं न् शून्य टाकणं, फरक काय रायला?"

हे मामा म्हणाले. मामा.

आमी जूनची सगळी शून्यं तशीच ठेवली. खरी किती न् आमची किती, दोघाइलेबी माहीत नाई. मामानं समासात लिहिलं: जून, खात्री नाही. खाली सई. तारीख.

उठताना म्हणे, "आता शेरा काय होतो ते पाहू." असं म्हतलं जसं दुसऱ्या कोणाचा आहे.

४ सप्टेंबर, सोमवार

वही आत आहे, म्हणून हे पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून राहिली. वऱ्हांड्याच्या पायरीवर.

साहेब सकाळीच आले. मामानं धुतलेला सदरा घातला होता. रजिस्टर न् माही वही दोन्ही बगलेत घेऊन आत गेले. मले म्हणे, तू थांब, मी बोलतो, शून्य माहं आहे. दार लोटून घेतलं.

पहिले मामाचा आवाज आला. मंग साहेबाचा, एकदाच, "जूनपासून?" मंग भिंतीवरून कागद काढल्यासारखा आवाज. नक्की तेच का, माहीत नाई.

पाऊण तास झाला.

गोविंदराव आले. बाया इळे घेऊन शेताच्या धुऱ्यावर बसल्या आहेत, इथून दिसतात. "नऊ वाजून राहिले. कापू का थांबू?"

मी दाराकडं पायलं.

"ते दिसते मले, दार आहे म्हणून. तू सांग. तुह्याच आकड्यावर चाललं ना हे सगळं?"

आभाळ मोकळं आहे. ऊन चांगलं कडक. पूर्वेकडं, बोरगावाच्या बाजूनं, पातळ पांढरं, दोन आणे. जास्तीत जास्त अडीच.

मी म्हतलं, "आज उघाड आहे हे कोणी पायलं नव्हतं गोविंदराव. पाऊस आहे हेबी कोणी पायलं नाई. आमाले या दिवसाचं काहीच माहीत नाई. तुमी तुमच्या डोळ्यानं पाहा."

एकदमच बोलली. मधात अडलं नाई.

गोविंदरावानं मले पायलं, मंग वर पायलं. बराच वेळ. म्हणे, "कापतो." चार पावलं गेले. थांबले. म्हणे, "अर्धाच कापतो." मंग पूर्वेकडं पायलं. आता मधातच उभे आहेत, ना इकडं ना तिकडं. बाया तिकडून हाका मारून राहिल्या.

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दार अजून लोटलेलंच.